देवीचा हॉर्न

चौकशीचा अहवाल बावीस पानांचा होता आणि केतकी उतेकरला त्यातलं एकच वाक्य दिसत होतं. पान सोळा, वरून चौथी ओळ. 'अपघातग्रस्त वाहनाकडून मदतीचा कोणताही इशारा नियंत्रण कक्षास प्राप्त झाला नाही.'

"इथे सही करा मॅडम. पाळीप्रमुख म्हणून," नाफडे साहेब म्हणाले. वाघजाई बोगद्याच्या सुरक्षेची सगळी जबाबदारी नाफडेंवर होती आणि ती आज उद्या करता करता खांद्यावरून उतरेल, या आशेवर ते महिनाभर जगत होते. "आणि आता खोलात जायचं नाही. झालं ते वाईट झालं."

केतकीनं सही केली. काहीच वाटलं नाही, याचंच तिला नवल वाटलं. पण गेले एकोणतीस दिवस हे असंच चाललं होतं. दातांचा डॉक्टर इंजेक्शन देतो तेव्हा गाल जसा आपला वाटेनासा होतो, तशी ती आख्खीच्या आख्खी झाली होती. चहा गरम की गार ते कळत नव्हतं. रडू तर एकदाही आलं नव्हतं.

ते वाक्य खोटं आहे, हे त्या इमारतीत फक्त तिला माहीत होतं.

वाहन म्हणजे विलास जंगमचा टेम्पो. विजेवर चालणारा, मागे नर्सरीची रोपं भरलेला. महिन्यापूर्वीच्या मंगळवारी दुपारी बोगद्याच्या मधोमध तो बंद पडला. विलासनं तो कसाबसा बाजूच्या खोबणीत, गाड्या थांबवायला ठेवलेल्या जागेत, घेतला. सीटखालची बॅटरी आतल्या आत धुमसायला लागली होती. ज्वाळा नाहीत, नुसता पांढरा विषारी धूर. वायरी वितळल्या, दरवाजे विजेचे, ते जागच्या जागी बसले. मोबाइल चार्जिंगला लावलेला होता, तोही त्याच दणक्यात गेला. काच फोडायचा हातोडा सीटखाली होता आणि धूर सीटखालूनच येत होता. बचाव पथक पोचलं तेव्हा विलासला जाऊन चार-पाच मिनिटं झाली होती. वय त्रेचाळीस. उजवा हात स्टिअरिंगवर होता.

टेम्पोत एकच वस्तू वेगळ्या, छोट्या बॅटरीवर चालत होती. हॉर्न.

*

बोगदा चौदा किलोमीटरचा. तो झाला आणि जुना घाट सुना पडला. दीड तासाची वळणं बारा मिनिटांवर आली. पण इतक्या लांब बोगद्यात माणसाची भीती एकच असते, आत काही झालं तर बाहेर कळणार कसं? कॅमेऱ्यांच्या काचा काजळीनं महिन्यात आंधळ्या होतात. म्हणून इथे 'कानोसा' बसवला.

कानोसा म्हणजे भिंतीतून गेलेली केसाएवढी काचेची तार. तिच्या एका टोकातून सेकंदाला हजारो वेळा लेझरचा प्रकाश सोडायचा. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात बारीक खोट असतेच. तिथून थोडा प्रकाश उलटा फिरतो. कुठेही आवाज झाला, टायर घासला, दगड करकरला, की तार तिथे लेशमात्र ताणली जाते आणि परत येणारा प्रकाश बदलतो. किती वेळानं परत आला यावरून जागा कळते, कसा बदलला यावरून आवाज कळतो. म्हणजे तारेचा एकेक मीटर हा एकेक कान. असे चौदा हजार कान, आणि ते सगळे ऐकून शहाणं होत जाणारं एक यंत्र. कॅमेरे एकशे चाळीस आणि पडदे सहा. कुठला कॅमेरा पडद्यावर आणायचा ते कानोसाच ठरवायचा. ऐकलेल्या प्रत्येक आवाजावर तो शिक्का मारायचा: दखलपात्र किंवा अदखलपात्र. दखलपात्र आवाज कायमचे जपले जायचे. अदखलपात्र तीस दिवसांनी, मिनिटामागून मिनिट, आपोआप पुसले जायचे.

यंत्र उत्तम होतं. पण ते बसवणाऱ्या शहाण्यांना घाट ठाऊक नव्हता.

जुन्या घाटात खिंडीच्या तोंडाशी वाघजाईचं देऊळ होतं. तिथे थांबून नारळ ठेवल्याशिवाय एकही ड्रायव्हर उतरणीला लागायचा नाही. वेळ नसला तर निदान तीन हॉर्न. बोगदा झाल्यावर देवी वर राहिली आणि रस्ता तिच्या पायाखालून गेला. बरोबर सहाशे चाळीस मीटर खालून, सात पूर्णांक दोन किलोमीटरवर. हे मोजून काढलं केतकीच्या वडिलांनी. आप्पा उतेकर. तीस वर्षं घाटात ट्रक चालवलेला माणूस. उद्घाटनाच्या दिवशी त्यांनी 'सात-दोन'ची पाटी आली तशी आपल्या जीपचा हॉर्न तीनदा वाजवला. मागच्यानं ऐकला, त्यानं वाजवला. वर्षभरात वाघजाईच्या पायाखाली हॉर्न न देणारा ड्रायव्हर शोधून सापडला नसता. काही जण तर खोबणीत गाडी लावून दोन मिनिटं हात जोडायचे.

कानोशाच्या कानाला हॉर्न म्हणजे संकट. दिवसाला साठ-सत्तर वेळा तो ठणाणा करायचा, लाल दिवे लावायचा, बचाव पथक जेवणावरून उठून पळायचं आणि बघायचं तर कोणीतरी देवीला नमस्कार करतोय. शेवटी केतकीनंच तोड काढली. सात-दोनच्या दोन्ही बाजूंना शंभर-शंभर मीटरमधले हॉर्न तिनं चार महिने हातानं वेगळे काढले, त्यांना नाव दिलं 'देवीचे हॉर्न', आणि यंत्राला शिकवलं: हे अदखलपात्र. यंत्र तिच्याही पुढे गेलं. हॉर्न आणि खोबणीत थांबलेली गाडी यांची सांगड त्यानं आपली आपण घातली. खोबणीत थांबून हॉर्न देणारा तो भाविक, असं त्यानं ठरवून टाकलं.

खोट्या धोक्यांचा आकडा सत्तरवरून दोनवर आला. नाफडेंनी पेढे वाटले. ती शिकवण राज्यातल्या आणखी अकरा बोगद्यांनी उचलली. कुठे देवी, कुठे पीर, कुठे म्हसोबा. ठिकाण बदललं की झालं.

आणि महिन्यापूर्वी मंगळवारी दुपारी दोन एकेचाळीसला केतकी पडद्यांसमोर बसून डबा उघडत होती. सहाही पडदे शांत होते. दोन त्रेपन्नला धुराची घंटा वाजली. त्याच रात्री तिनं यंत्राच्या नोंदी पाहिल्या: सात-दोन, खोबणी, देवीचा हॉर्न, अदखलपात्र; आवाज मात्र ऐकला नाही.

*

अहवालावर सही करून ती घरी आली तेव्हा ओसरीवर रेवतीवहिनी बसली होती. विलासची बायको. आप्पा तिच्यासमोर पाटावर, मान खाली घालून. आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच, त्यामुळे आल्यागेल्याला चहा केतकीच करायची. आजही ती सरळ आत निघाली होती.

"ताई, चहा नको," रेवती म्हणाली. "एकच विचारायचं व्हतं. लोक म्हनतात, त्यो पेंगला. झोपेत गेला. सासूसुद्धा तसंच म्हनाय लागलीय. पोराला शाळेत चिडवतात. तुमी आतल्या मानूस. त्यानं काय केलंच नसंल का? हाक, बोंब, कायच न्हाई?"

केतकीला वाटलं, आता आपण बोलणार. तोंड उघडलंही. मग बाहेर आलं ते पान सोळा, ओळ चौथी. "कुठलाही इशारा मिळाला नाही, वहिनी."

रेवतीनं मान हलवली. पदरानं कोरडेच डोळे पुसले आणि ती उठून गेली.

आप्पा तसेच बसून होते. विलास सतराव्या वर्षी त्यांच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागला होता. आप्पांनीच त्याला गिअर शिकवला, घाट शिकवला, ब्रेक तापल्याचा वास ओळखायला शिकवलं. शेवटपर्यंत तो त्यांना उस्ताद म्हणायचा. त्या मंगळवारपासून आप्पांनी जीप शेडमधून बाहेर काढली नव्हती. एरवी दर मंगळवारी ते बोगद्यातून पलीकडे जायचे आणि तिकडून जुन्या घाटानं देवळापर्यंत चढायचे. त्या मंगळवारी मात्र गुडघा धरला म्हणून घरीच राहिलो, असं त्यांनी तिला सांगितलं होतं. निदान ते बघायला तिथे नव्हते, एवढंच बरं, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

जेवताना त्यांनी रोजचा प्रश्न विचारला. "बाय, त्यानं हारन दिला असंल का गं?"

"माहीत नाही, आप्पा. भात घ्या."

"विलास गप बसनारा न्हवता."

"भात घ्या."

तिची अडचण साधी होती आणि तिला दोन तोंडं होती. खरं सांगितलं तर नोकरी जाणार, कदाचित तुरुंगही. ते एक वेळ परवडलं. पण खरं सांगायचं म्हणजे आप्पांना सांगायचं, की तुमच्या तीन हॉर्नांनी तुमचा विलास गेला. देवीला दिलेली हाक आणि माणसानं मारलेली हाक यांत फरक करायचा नाही, हे मी यंत्राला शिकवलं, पण ते ज्याच्यावरून शिकवलं ते तुमचं. बाहत्तर वर्षांच्या माणसाला हे सांगून पुढे काय करायचं? भात वाढायचा?

न सांगितलं तर उद्या दुपारी तीस दिवस भरत होते. आवाज आपोआप जाणार होते. कोणाला काही करावंच लागणार नव्हतं.

*

गुरुवारी दुपारी दोनला तिनं कानाला हेडफोन लावले. महिनाभर तिनं तो भाग उघडला नव्हता. धाडस नव्हतं म्हणण्यापेक्षा, ऐकलं नाही तर ते झालंच नाही असं धरून चालणं सोपं होतं. पण पुसून जाण्याआधी एकदा तरी कोणीतरी ऐकावं, असं तिला सकाळपासून वाटत होतं. विलासला ऐकणारं कोणीच नव्हतं.

दोन एकेचाळीस. टेम्पोच्या चाकांची घरघर, खोबणीच्या उंचवट्यावर एक धक्का. मग शांतता. मग हॉर्न.

सुरुवातीला तीन-तीनच वाजत होते. मग लांब. मग सलग, तोडतोडून, पुन्हा सलग. मधूनच थाड थाड आवाज येत होता, काचेवर कोपर आपटल्यासारखा. केतकीनं पेन घेतलं आणि सवयीनं वेळा लिहायला लागली, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचलं नाही.

आणि मग एक गाडी शेजारून गेली. गेली ती तीन हॉर्न देऊन.

तिनं ध्वनी थांबवला, मागे घेतला, पुन्हा ऐकला. चूक नव्हती. कोणीतरी हात जोडतोय असं समजून त्या गाडीनं उत्तर दिलं होतं. मग दुसरी गाडी. मग एसटी, तिचा भोंगा वेगळाच. विलास हाका मारत होता आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण भक्तिभावानं ओ देऊन पुढे जात होता. एकोणीस गाड्या गेल्या. सोळांनी उत्तर दिलं.

त्यातली अकरावी गाडी पाचव्या मिनिटाला आली. दोन आखूड, एक लांब, आणि लांबाच्या शेवटी जरासा घोगरा.

हा हॉर्न केतकीनं झोपेतही ओळखला असता. लहानपणी तो ऐकू आला की ती पाटी-दप्तर टाकून रस्त्यावर पळायची. ट्रक मोडीत निघाला तेव्हा आप्पांनी तेवढा हॉर्न काढून ठेवला होता आणि मग जीपला बसवला होता. असा दुसरा हॉर्न पंचक्रोशीत नव्हता.

नवव्या मिनिटाला विलासचा हॉर्न एकदा अर्धवट वाजला आणि थांबला.

घड्याळात दोन बत्तीस झाले होते. नऊ मिनिटांनी पहिला हॉर्न पुसला जाणार होता. तिनं घरी फोन लावला.

"आप्पा, त्या मंगळवारी तुम्ही कुठे होता?"

पलीकडे कोंबड्यांना हाकल्याचा आवाज. मग आप्पा म्हणाले, "ऐकलंस व्हय?"

"ऐकलं."

"मी त्याला बघितला बाय. टेम्पो बघितला. आत धुरकाट व्हतं, मला वाटलं, उदबत्ती लावली आसंल. त्यो हारन देत व्हता. मी बी दिला. हात केला." त्यांचा आवाज सपाट होता, दुसऱ्या कोणाची हकिगत सांगावी तसा. "वर देवळात गेलो, त्याच्या नावानंबी नारळ ठिवला. खाली आलो तवा कळलं. रोज तुला विचारत व्हतो. तू म्हनावंस, न्हाई आप्पा, त्यानं हारन दिलाच न्हाई. तुमाला भास झाला. म्हंजे मी सुटलो आसतो."

केतकीनं घड्याळाकडे बघितलं. 

"आता त्याचं काय करनार?" आप्पांनी विचारलं.

"आठ मिनिटांनी पुसलं जाईल, आप्पा. काही केलं नाही तर."

"आनि ठिवलं तर?"

"तर सगळ्यांना ऐकू येईल. माझं शिकवणं, तुमचा हॉर्न. सगळं."

"ठिव," आप्पा म्हणाले. "त्याची हाक हाय ती. आपुन कोन पुसनारं? रेवतीला ऐकू दे. पेंगला न्हवता म्हनावं." मग, "तुला लई तरास व्हईल का गं?"

"होईल," ती म्हणाली.

"बरं," आप्पा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

तिनं ती नऊ मिनिटं निवडली आणि शिक्का बदलला. यंत्रानं विचारलं: हा आवाज कशाचा? देवीचा हॉर्न, बिघाड, इतर. तिनं 'इतर' निवडून लिहिलं: माणूस मदत मागतोय. यंत्रानं विचारलं: पूर्वीच्या शिकवणीशी हे जुळत नाही. पूर्वीची शिकवण रद्द करायची? अकरा इतर बोगद्यांवर परिणाम होईल. तिनं 'हो' दाबलं. कारणाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, आडनावासकट. दोन अडतीस झाले होते.

नाफडे साहेब धावत आले तेव्हा ती डबा उघडत होती. "उतेकर मॅडम, हे काय केलंत तुम्ही?" त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "कालच सही केलीत ना?"

"ती खोटी होती," केतकी म्हणाली. पोळी गार आहे, हे तिला महिन्यात पहिल्यांदा कळलं.

*

पुढचं सगळं झालं तसं झालं. केतकी निलंबित झाली, चौकशी नव्यानं सुरू झाली. रेवतीनं नऊच्या नऊ मिनिटं ऐकली, एकदा सासूला समोर बसवून, एकदा एकटीनं. उतेकरांना तिनं काही बोल लावला नाही आणि क्षमाही केली नाही. दोन महिन्यांनी एका मंगळवारी मात्र ती आपणहून आली आणि म्हणाली, "आप्पा, मला ती जागा दावा."

आप्पांनी जीप काढली. पुढे ते आणि रेवती, मागे केतकी. हॉर्नची वायर त्यांनी तोडून टाकली होती. तिची दोन टोकं स्टिअरिंगखाली लोंबत होती.

नव्या व्यवस्थेत बोगद्यात कुठेही एक हॉर्न वाजला की सगळी वाहतूक थांबायची. लोक वैतागले होते, वर्तमानपत्रांत पत्रं लिहीत होते. सवयीचा हात असा सुटत नाही. दिवसातून दोन-तीनदा कोणीतरी वाजवायचाच. त्या दिवशीही सात-दोनच्या जवळ येता येता पुढच्या कुठल्याशा गाडीनं तीन हॉर्न दिले. छतावरचे दिवे लाल झाले. पुढे-मागे गाड्या थांबल्या. भिंतीतून आवाज आला, 'बोगद्यात कोणीतरी मदत मागत आहे. इंजिन बंद करा. खाली उतरा. शेजारच्या गाडीत पाहा.'

जीप खोबणीपासून वीस पावलांवर उभी होती. भिंतीवर अजून पांढुरका डाग होता. रेवती त्याच्याकडे बघत राहिली. आप्पांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि घड्याळाकडे बघितलं. कोणी शिव्या देत होतं, कोणी मोबाइलवर ओरडत होतं, तरी सगळे उतरले आणि एकमेकांच्या काचांतून आत डोकावायला लागले.

पाच मिनिटं झाली. सहा झाली. केतकीला वाटलं होतं, नऊ मिनिटं म्हणजे काय ते तिला कळलंय. तिनं वेळा लिहून काढल्या होत्या. तिला काही कळलेलं नव्हतं. सातव्या मिनिटाला तिनं दाराची कडी उघडते ना, ते चाचपून बघितलं. आठव्या मिनिटाला तिला श्वास पुरेना. इतका वेळ. इतका वेळ तो वाजवत होता.

नववं मिनिट संपत आलं आणि आप्पांच्या बाजूच्या काचेवर टकटक झाली. विशीतली एक मुलगी होती, हातात हेल्मेट, शहरातली असावी. तिनं वाकून आत बघितलं.

"आजोबा, तुम्ही ठीक आहात ना?"

आप्पांनी काच पूर्ण खाली केली. तिच्याकडे बघितलं. तोंडाची हालचाल झाली, आवाज नंतर आला.

"न्हाई गं बाय," ते म्हणाले. "न्हाई."

आणि ते रडायला लागले. मुलगी गोंधळली, तिनं दार उघडून त्यांचा हात धरला आणि मागे वळून कोणालातरी पाणी आणायला सांगितलं. रेवती हलली नाही, पण जरा वेळानं तिनं आपला पदर आप्पांच्या हातात दिला. मागच्या सीटवर केतकीला हुंदका आला, मग दुसरा, मग थांबेचना. दिवे हिरवे झाले. गाड्या सुरू झाल्या आणि उभ्या जीपला वळसा घालून एकेक करत पुढे जाऊ लागल्या. एकानंही हॉर्न दिला नाही.